मेंदूवरची पुस्तकं आणि ‘मुद्दाम करायलेत’

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरात घरोघरी जाऊन पॅरालिसिसच्या पेशंटचे व्यायाम घेते. जुळे सोलापूरपासून पूर्व भागातल्या गल्ल्यांपर्यंत सगळीकडं माझी गाडी फिरते आणि घर कुठलंही असो, बंगला असो नाहीतर दोन खोल्या, पेशंट एसीच्या रूममध्ये असो नाहीतर पुढच्या खोलीत खाटेवर, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ‘मॅडम, हे मुद्दाम करायलेत बघा.’ कधी मुलगा म्हणतो, कधी सून, पण बहुतेक वेळा बायको म्हणते, कारण तिनं त्या माणसाबरोबर सगळा जन्म काढलेला असतो आणि त्याचा स्वभाव आपल्याला पाठ आहे याची तिला खात्री असते. हात उचलत नाहीत, मुद्दाम. अर्धं ताट टाकून उठतात, मुद्दाम. देवाचं म्हणतात पण पाणी मागत नाहीत, मुद्दाम. पाहुणे आले की रडायला लागतात, नाटक.

मेंदूवर, आजारांवर, माणसाच्या वागण्यावर सामान्य वाचकांसाठी लिहिलेली पुस्तकं मी वाचते ती या वाक्याला उत्तर शोधायला. कॉलेजच्या पुस्तकात सगळं होतं हो, मेंदूच्या उजव्या पॅरायटल भागाला इजा झाली तर काय, डाव्या फ्रंटलला झाली तर काय, तक्ते होते, ते पाठ करून आम्ही पास पण झालो, पण तो तक्ता घेऊन स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या सुनेला काय सांगायचं हे त्यात कुठंच नव्हतं. ते मला या पुस्तकांनी शिकवलं. आणि वाचता वाचता माझं एक पक्कं मत झालंय की असल्या पुस्तकाची परीक्षा एकच, ते वाचून समोरच्या माणसावरचा आरोप कमी होतो का वाढतो. ही कसोटी लावली की माझ्या कपाटाचे सरळ दोन भाग पडतात.

आधी चांगला भाग.

एक आजोबा होते, मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झालेला, त्यामुळं शरीराची डावी बाजू गेलेली. जेवण व्यवस्थित चाललेलं पण शेंगाचटणीला हात लावायचे नाहीत. आता सोलापूरचा माणूस आणि भाकरीबरोबर शेंगाचटणी नको म्हणतोय हे घरच्यांना पटणंच शक्य नव्हतं. सुनेनं मुद्दाम उखळात कुटून केली तरी तशीच. मग तिचं मन खट्टू झालं, ‘माझ्या हातची नको झालीय त्यांना, लेकीनं पाठवली असती तर खाल्ली असती’ इथपर्यंत गोष्ट गेली आणि त्यावरून नवरा-बायकोत बोलाचाली सुरू झाली. मी एकदा जेवणाच्या वेळेला पोचले म्हणून मला दिसलं. आपल्याकडं ताट कसं वाढतात बघा, मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं सगळं डावीकडं आणि भाजी उजवीकडं. आजोबांसाठी डावीकडं काही नव्हतंच. डोळे चांगले होते, पेपरातली मोठी अक्षरं वाचायचे, ओळीचा उजवा अर्धा भागच वाचायचे ती गोष्ट वेगळी. मी सुनेला म्हणलं, ताट फिरवा. तिनं फिरवलं, चटणी उजवीकडं आली आणि आजोबा म्हणाले, ‘आज केलीस होय गं?’ आणि चटणी-भाकरी खाऊन उठायला लागले, कारण आता भाजी डावीकडं गेली होती ना, ती तशीच राहिली.

याला नेग्लेक्ट म्हणतात. डोळा बघतोय, पण मेंदू त्या अर्ध्या जगाची दखलच घेत नाही, आणि दखल घेत नाही हे पण त्या माणसाला कळत नाही. यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग इटलीतला आहे, १९७८ सालचा, एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझ्झात्ती या दोघांनी केलेला. त्यांनी मिलान शहरातल्या पेशंटना काही दाखवलं नाही, नुसतं म्हणाले, डोळ्यासमोर तुमच्या शहरातला कॅथेड्रलचा चौक आणा, तुम्ही कॅथेड्रलकडं तोंड करून उभे आहात, काय काय दिसतंय सांगा. पेशंटनी चौकाच्या फक्त उजव्या बाजूच्या इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभं राहून चौकाकडं बघा. लगेच आधी सोडून दिलेल्या इमारती सांगायला लागले आणि आधी सांगितलेल्या गायब झाल्या. म्हणजे आठवण शाबूत होती, सगळा चौक डोक्यात होता, पण डोक्यातल्या चौकात सुद्धा डावी बाजू बघता येत नव्हती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून घरभर चकरा मारल्या होत्या.

आणि मग या आजोबांनाच विचारून बघितलं. म्हणलं अप्पा, चौकातून घराकडं चालत येताय, वाटेत काय काय लागतं सांगा बरं. पिठाची गिरणी, सायकल दुकान, मारुतीचं देऊळ, झालं. म्हणलं, आता घराच्या दारातून निघा आणि चौकाकडं जा. तर लाँड्री, किराणा दुकान, बोअरचा पंप. त्यांचा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता, त्याचं सगळं बालपण त्या गल्लीत गेलेलं, मी काही समजावून सांगायच्या आधीच तो म्हणाला, ‘मॅडम, हे दोन्ही वेळेला फक्त उजवीकडचं सांगायलेत.’ त्या दिवसानंतर त्या घरात चटणीवरून भांडण झालं नाही. काम मात्र वाढलं, कारण त्यांच्याशी बोलायला सुरुवात उजवीकडून करायची, मग बोलत बोलत हळूहळू डावीकडं सरकायचं, डावा हात त्यांना दिसेल असा मांडीवर ठेवायचा, ताटात ‘अजून डावीकडं आहे’ असं म्हणून त्यांचंच बोट ताटाच्या काठापर्यंत न्यायचं, हे सगळं घरच्यांनीच करायचं असतं, मी दिवसातनं तासभर असते.

दुसरा विषय बोलण्याचा, आणि इतक्या भाषा एकत्र बोलणारं सोलापूरसारखं शहर शोधून सापडणार नाही.

बाळीवेस भागातले एक मामा होते, स्ट्रोक डाव्या मेंदूत, उजवा हात-पाय आणि बोलणं दोन्ही गेलेलं. ‘हां’ आणि ‘ते ते’ एवढंच निघायचं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजांची मिरवणूक निघाली, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, हलगी, आणि मामा खुर्चीवर बसून मोठ्यानं, एक अक्षर न चुकता, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, सिद्धेश्वर महाराज की जय!’ घरच्यांना आधी आनंद झाला आणि संध्याकाळी राग आला. बोलता येतंय की, मग आमच्याशीच का नाही बोलत, पाणी हवं असलं तर तांब्याकडं बोट का दाखवतात?

यात मामांची काही चूक नाही, हे १८६१ पासून माहिती आहे. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडं लेबोर्न नावाचा पेशंट होता, वर्षानुवर्षं फक्त ‘टॅन’ एवढंच बोलायचा, पण फार चिडला की देवाच्या नावानं एक शिवी मात्र स्पष्ट द्यायचा. तो वारल्यावर ब्रोकानं मेंदू तपासला तर डावीकडच्या पुढच्या भागात इजा सापडली. त्यानंतर काही वर्षांत लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी हा फरक नीट मांडला, मनात विचार करून शब्द जुळवून बोलणं वेगळं आणि आपोआप तोंडातून जाणारं बोलणं वेगळं. जप, आरती, पाढे, शिव्या, ‘राम राम’, ही सगळी तयार चीज असते, ती बाहेर पडायला डाव्या मेंदूतला तो भाग शाबूत असावाच लागतो असं नाही. ‘पाणी दे’ हे मात्र दर वेळी नवीन जुळवावं लागतं.

मला हे रोज व्यायाम घेताना दिसतं. आम्ही मोठ्यानं आकडे मोजत हात हलवतो, एक, दोन, तीन, चार, आणि मी मध्येच थांबले की पेशंट ‘पाच’ म्हणतो, लख्ख. मग त्याच्यासमोर माझी पाच बोटं धरते आणि विचारते किती, तर येत नाही. तोंड उघडतो, कपाळावर आठ्या, डोळ्यात पाणी येतं पण शब्द येत नाही. हे एकदा घरच्यांना समोर बसवून दाखवलं की पुन्हा कोणी ‘बोलायचं नाटक’ म्हणत नाही. याच गोष्टीचा उपयोग करून १९७३ च्या सुमाराला बोस्टनमध्ये सुरावर वाक्य म्हणायला शिकवायची थेरपी निघाली, मेलोडिक इंटोनेशन थेरपी. ते काम स्पीच थेरपिस्टचं, माझं नाही, पण मामांच्या घरी मी एवढं सांगितलं की चहा देताना रोज एकाच चालीत ‘च-हा हवा’ म्हणा आणि त्यांना शेवटचा शब्द म्हणू द्या.

आणि आता तेलुगूचं. पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात आयुष्यभर माग चालवलेले एक गृहस्थ, घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, बाजारात दोन्ही आणि शिवाय हिंदी. स्ट्रोकनंतर थोडं थोडं बोलणं परत आलं पण फक्त तेलुगूत. सून मराठी, प्रेमविवाह, सुरुवातीला या सासऱ्यांचा विरोध होता. आता हे तिच्याकडं बघून ‘नीळ्ळु, नीळ्ळु’ म्हणतात, इतकी वर्षं तिच्याशी मराठीत बोललेला माणूस मराठीत पाणी मागत नाही, मग घरातल्यांनी काय अर्थ काढला असेल सांगायला नको. जुना राग बाहेर पडलाय असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं, ती पोरगी तर रडकुंडीला आलेली.

फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यावर दोन मतं होती. रिबो म्हणायचे की जी भाषा सगळ्यात आधी शिकली ती टिकते. पित्र यांनी १८९५ साली मांडलं की आजारपणाच्या आधी जी सगळ्यात जास्त वापरात होती ती आधी परत येते. गंमत अशी की दोघांच्या बाजूनं पेशंट सापडतात आणि दोघांच्या विरोधात पण सापडतात, कधी दोन्ही भाषा एकदमच येतात, कधी एक येते आणि दुसरी येतच नाही. पेशंट निवडत नसतो एवढं मात्र पक्कं. मी सुनेला एवढंच म्हणलं, त्यांना तुझा राग नाही, मराठीचा कप्पा त्यांना आत्ता उघडता येत नाहीये. ती हुशार निघाली, पंधरा-वीस तेलुगू शब्द नवऱ्याकडून शिकली, आणि पाणी देताना ती ‘नीळ्ळु, पाणी’ असे दोन्ही म्हणायला लागली. पुढं त्यांचं मराठी पण थोडं आलं.

याच विषयावर आपल्या शेजारच्या हैदराबादचं काम आहे, निजाम्स इन्स्टिट्यूटमधलं, डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या टीमचं. २०१३ साली त्यांनी डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या ६४८ पेशंटचा अभ्यास छापला, त्यात एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि विशेष म्हणजे शाळेत न गेलेल्या माणसांमध्ये पण हा फरक दिसला. मग २०१६ मध्ये स्ट्रोकच्या ६०८ पेशंटवर बघितलं तर बहुभाषिकांपैकी जवळपास ४० टक्के लोकांची विचार करायची, लक्षात ठेवायची क्षमता नॉर्मल राहिली होती, एकभाषिकांमध्ये हाच आकडा २० टक्क्यांच्या आसपास. बोलणं जायचं प्रमाण मात्र दोन्हीकडं साधारण सारखंच होतं. दोन भाषांचा मेंदूला खरंच किती फायदा होतो यावर जगभर वाद चालू आहेत, ते चालू दे, मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की अभ्यासातली माणसं आपल्यासारखी आहेत, न शिकलेली, तेलुगू-उर्दू-हिंदी सहज बोलणारी. नाहीतर या पुस्तकांमधला पेशंट कायम बोस्टनचा नाहीतर लंडनचा असतो, एकच भाषा बोलणारा, एकटा राहणारा.

रामचंद्रन यांच्या पुस्तकांबद्दल न बोलता पुढं गेले तर चुकेल. व्ही. एस. रामचंद्रन मूळचे तामिळनाडूचे, चेन्नईत डॉक्टर झाले, मग अमेरिकेत गेले, आणि १९९८ साली आलेलं त्यांचं ‘फँटम्स इन द ब्रेन’ मी लोकांना वाचायला देऊन देऊन त्याची बांधणी सुटलीय. पाय कापल्यावर पण नसलेल्या पायाची बोटं दुखतात, हे शुगरमुळं पाय गमावलेल्या किती जणांनी मला हळू आवाजात सांगितलंय, घरच्यांना सांगत नाहीत कारण लोक वेडं म्हणतील. रामचंद्रननी साधा आरसा वापरला, चांगला हात आरशासमोर ठेवायचा आणि प्रतिबिंबात गेलेला हात हलताना बघायचा, काही जणांचं दुखणं त्यानं कमी झालं. नंतर हीच आरशाची पद्धत स्ट्रोकच्या हातासाठी पण वापरात आली, मी काच-दुकानातून कापून आणलेला एक आरसा कायम गाडीच्या डिकीत ठेवते, कडांना चिकटपट्टी लावून. त्याच पुस्तकात एक बाई आहेत, डावा हात पूर्ण लुळा, पण त्या मानायलाच तयार नाहीत, टाळी वाजवा म्हणलं की एकच हात हवेत हलवतात आणि म्हणतात वाजवतेय की. असे पेशंट मी बघितलेत, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत उठायला जातात आणि पडतात, घरचे म्हणतात हट्टी आहेत. याला १९१४ साली बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी नाव दिलं, अ‍ॅनोसोग्नोशिया. हट्टी माणसाशी वाद घालता येतो, इथं वाद घालून काही उपयोग नाही, खाटेला कठडा लावावा लागतो.

मिरगीचं पण तसंच, खरं तर त्याहून वाईट. अजून लोक कांदा हुंगवतात, अंगात आलं म्हणतात, पोरीचं लग्न होईपर्यंत लपवतात. दोन हजार वर्षांपूर्वीच ग्रीक वैद्यांनी हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की हा आजार बाकीच्या आजारांपेक्षा जास्त दैवी वगैरे काही नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे. आणि आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९१० साली इथं जन्मले, १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये गेले, युद्धात जखमी सैनिकांची ऑपरेशनं केली, ९ डिसेंबर १९४२ ला अवघ्या ३२ व्या वर्षी गेले ते अपस्माराच्या, म्हणजे मिरगीच्याच झटक्यानं. त्यांचं स्मारक आपल्या शहरात आहे, शाळांच्या सहली तिथं जातात. मला मनापासून वाटतं की तिथं पोरांना हे पण ठळक सांगावं, मिरगी असलेला माणूस एवढं काम करून गेला. एखाद्या वर्गातल्या एका पोराला तरी त्याचा आधार होईल.

आता एक गोष्ट. पेशंटची कथा आहे म्हणून ती खरीच असते असं नाही. फिनिअस गेजचं नाव या विषयावरच्या प्रत्येक पुस्तकात असतं, १८४८ साली अमेरिकेत रेल्वेसाठी सुरुंग ठासताना साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची लोखंडी पहार गालातून शिरून कवटीतून वर बाहेर पडली, माणूस वाचला, पण ‘गेज आता गेज राहिला नाही’, शिवराळ, बेभरवशाचा, आयुष्यातून उठलेला असं सांगून पुढच्या पानावर जातात. पुढचं कोणी सांगत नाही. माल्कम मॅकमिलन या संशोधकानं जुनी कागदपत्रं काढून दाखवलं की गेज पुढं चिलीला गेला, तिथं वर्षानुवर्षं घोडागाडी हाकली, परक्या देशात, प्रवासी घेऊन, वेळापत्रक सांभाळून. म्हणजे बराच सुधारला होता. १८६० साली वारला. पण सुधारलेला गेज पुस्तकाच्या कामाचा नाही म्हणून त्याला बिघडलेल्या अवस्थेतच ठेवलं. पेशंटच्या घरच्यांना मी गेज सांगते तो चिलीपर्यंत सांगते, कारण पहिल्या तीन महिन्यांत दिसणारा माणूस म्हणजे कायमचा माणूस असं धरून चालणं हा पण एक आरोपच आहे.

आता कपाटाचा दुसरा भाग. एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, लग्नात भेट म्हणून, सगळीकडं मिळतात ती पुस्तकं. इच्छाशक्ती वाढवा, मनावर ताबा मिळवा, सवयी बदला, ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’. यांच्यात मार्शमॅलोचा प्रयोग असतोच. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या बालवाडीतली मुलं, समोर एक गोड खाऊ, आत्ता खाल्ला तर एक आणि थांबलास तर दोन, वॉल्टर मिशेल यांनी साठ-सत्तरच्या दशकात केलेला प्रयोग, आणि पुढं बघितलं तर जी मुलं थांबली ती आयुष्यात पुढं गेली. यावरून आपल्याकडं पालकसभेत भाषणं होतात. पण ती मुलं युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांची होती. २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या परिस्थितीतल्या ९०० हून जास्त मुलांची माहिती तपासली, तर थांबण्याचा आणि पुढच्या मार्कांचा संबंध आधीच्या निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे धरल्यावर तो आणखी दोन तृतीयांशानं घटला. ज्या घरात आई दिवसभर विड्या वळते आणि कधी पगार उशिरा होतो, तिथल्या पोराला समोरचं आत्ता खाणं हाच शहाणपणा आहे. त्या पोराला संयम नाही म्हणून शिक्का मारायचा आणि वर विज्ञानाचं नाव घ्यायचं, याचा मला खरंच राग येतो.

तसंच इच्छाशक्ती संपते म्हणे वापरून वापरून. १९९८ चा प्रयोग होता, ताज्या बिस्किटांचा वास येतोय आणि खायला मुळा दिलाय, मग ती माणसं पुढच्या कोड्यात लवकर हार मानतात. यावर पुस्तकंच्या पुस्तकं निघाली. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांना घेऊन ही कल्पना तपासली, परिणाम जवळजवळ शून्य. त्याच्या आदल्या वर्षी मानसशास्त्रातले १०० अभ्यास परत करून बघितले होते, त्यातले जेमतेम ३६ टक्के टिकले. ही बातमी त्या स्टँडवरच्या पुस्तकांपर्यंत अजून पोचलेली नाही, आणि शुगरच्या पेशंटला घरचे अजून म्हणतात, ‘तोंडावर ताबा नाही.’ पायाला जखम झालीय, संवेदना गेलीय, कामावर उभं राहून पाय सुजतो, डॉक्टरची फी परवडत नाही, आणि पुस्तक म्हणतं इच्छाशक्ती.

इथं मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काह्नमन यांचं नाव आदरानं घेते. ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ २०११ मध्ये आलं, लाखो लोकांनी वाचलं. त्यात एका प्रकरणात म्हातारपणाचे शब्द वाचले की माणूस हळू चालतो असले प्रयोग भरवशानं सांगितलेत. २०१२ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी माणसाच्या हातातल्या घड्याळाऐवजी सेन्सर लावून वेळ मोजली तर तो परिणाम दिसलाच नाही. काह्नमननी त्याच वर्षी त्या क्षेत्रातल्या लोकांना पत्र लिहून इशारा दिला, आणि २०१७ साली उघड लिहून मान्य केलं की लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण जास्त विश्वास ठेवला. नोबेल मिळालेला, तेव्हा ऐंशी ओलांडलेला माणूस. त्यांचं पुस्तक मी अजूनही वाचायला देते, ते प्रकरण सोडून वाचा म्हणते.

या विषयावर मराठीत काहीच नाही असं नाही. सुबोध जावडेकरांचं ‘मेंदूच्या मनात’ आहे, आपल्याच सोलापूरच्या अच्युत गोडबोल्यांचं जाडजूड ‘मनात’ आहे, त्यात मानसशास्त्राचा सगळा प्रवास येतो. पण मला जे हवंय ते घरातलं पुस्तक, खाटेशेजारी बसून वाचता येईल असं, ज्यात ताट फिरवा हे पण असेल आणि स्ट्रोकनंतरचे पहिले साडेचार तास पण असतील. कारण परदेशी पुस्तकं सुरू होतात पेशंट दवाखान्यात पोचल्यानंतर. आपल्याकडं तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली की अजून लोक रात्र काढतात, सकाळी बघू म्हणतात, नाहीतर गाडी करून कुठल्यातरी गावाला लकव्याचं झाडपाल्याचं औषध आणायला जातात. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि त्याच्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही हे बघावं लागतं, म्हणजे खरं तर हातात असलेला वेळ त्याहून कमीच. लक्षण कधी सुरू झालं ती वेळ घड्याळात बघून लक्षात ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. हे एक पान मला कुठल्याही मराठी घरात कॅलेंडरशेजारी चिकटवलेलं बघायचंय.

अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदे यांचं म्हातारपणावरचं ‘बीइंग मॉर्टल’ वाचताना मी सगळ्यात जास्त अडखळले, आणि वेगळ्याच कारणानं. गवांदेंचं मूळ गाव विदर्भातलं उटी, त्यांचे आजोबा सीताराम गवांदे जवळजवळ ११० वर्षं जगले, म्हातारपणी पण घोड्यावरून शेताला चक्कर मारायचे, घरात त्यांचा मान होता, जेवायला पहिलं ताट त्यांना. गवांदे ते फार प्रेमानं लिहितात, आणि हे पण स्पष्ट लिहितात की हे सगळं जमलं कारण आजूबाजूला घरचं माणूस कायम होतं. मला ते वाचताना त्या घरातल्या बायका दिसत होत्या. मी ज्या घरांत जाते तिथं ते घरचं माणूस म्हणजे नव्वद टक्के सून नाहीतर बायको, रात्रीतून चार वेळा उठणारी, कूस बदलणारी, डायपर, पातळ खिचडी, परत सकाळी डबे. ती चिडते, एखाद्या दिवशी पेशंटवर ओरडते, आणि मग संध्याकाळी आलेली नणंद मला बाजूला घेऊन म्हणते, ‘वहिनी मुद्दाम लक्ष देत नाही.’ स्टॅनफर्डच्या ली रॉस यांनी १९७७ साली हे नेमकं पकडलं होतं, दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याची परिस्थिती बघत नाही. झोप न झालेल्या बाईचा मेंदू पण मेंदूच आहे की. नणंदेला मी म्हणते, दोन रात्री तुम्ही राहा इथं, मग बोलू. काही राहतात. ज्या राहतात त्या पुन्हा तसं बोलत नाहीत.

हल्ली मी आणि माझी एक मैत्रीण, ती स्पीच थेरपिस्ट आहे आणि तिचं माहेर तेलुगू, आम्ही दोघी मिळून फोनवर छोटे छोटे ऑडिओ रेकॉर्ड करतोय, चार-पाच मिनिटांचे, एक मराठीत, तोच तेलुगूत. वाचायला वेळ नसलेली माणसं भाकरी थापताना ऐकू शकतात. पहिला ताटावर झाला, दुसरा ‘बोलता येतं पण बोलत नाहीत’ यावर. कन्नडसाठी अक्कलकोटकडची एक नर्स तयार झालीय, तिच्या ड्यूट्या जुळल्या की पुढच्या रविवारी बसणार आहोत.